अकरा गाण्यांतली सात तुझी

हिरू,

परवा तुझा प्लेअर पुन्हा भरला. अकरा गाणी एकेक करून कॉम्प्युटरमधून त्यात घातली. हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाऊ दिली. आता वायर काढायला हरकत नाही असं पडद्यावर आलं, तरी मी शंभरपर्यंत आकडे मोजले आणि मगच वायरला हात लावला. तू असतीस तर माझ्या खुर्चीशेजारी फरशीवर बसून हसली असतीस. “शिकला गो बाय, माजा दादा शिकला,” म्हणाली असतीस. “म्हातारपनी का व्हईना.”

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. तू कधी जन्मलीस, तुला कुठे दिली, किती मुलं, हे सगळं सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मला एक नोंद दुरुस्त करायची आहे. आपल्या समाजाच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी पालघरला माझा सत्कार केला होता, आठवतंय ना? शाल, नारळ आणि स्मरणिकेत फोटो. फोटोखाली ओळ होती, ‘मातोश्रींच्या आवाजातील हळदीची अकरा गाणी जतन करणारे सुपुत्र’. त्या ओळीत खरं एवढंच, की मी आईचा मुलगा आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हे लिहून देतोय. संपादक म्हणाले, “काका, दुरुस्ती दोन ओळींची असते.” मी म्हणालो, ही जरा लांब आहे, आणि ती मी हिरूशी बोलूनच करणार आहे.

आपली आई मथुरा. नवापुरात तिच्याशिवाय हळद लागत नसे. बाहेरच्यांना हे सांगायला हवं, की आपल्याकडे हळदीच्या वाटीत बोट घालण्याआधी गाण्यातून आमंत्रणं जातात. आधी देवांना, मग दर्याला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. मांडवाखाली या, लेकराला हळद लावा. सगळ्यांची नावं घेऊन होईपर्यंत जिवंत माणसाने हळदीला हात लावायचा नाही. ज्याचं नाव राहिलं, तो दाराबाहेर उभा राहतो असं आई म्हणायची. म्हणून ती लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून नावं बोटांवर मोजून घ्यायची.

मी तारापूरच्या प्लांटमध्ये नोकरीला लागल्यावर टेपरेकॉर्डर घेतला आणि आई थकायच्या आधी तिची अकरा गाणी दोन कॅसेटींवर उतरवली. एवढं काम मात्र माझं. पुढे आई गेली आणि गावात तू गायला लागलीस. चार वर्षं गायलीस. मग काशिनाथ गेला, तुझा नवरा, आणि त्या दिवसापासून तुला हळदीच्या मांडवात मागे बसवायला सुरुवात झाली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त पुढची जागा रिकामी राहायला लागली, आणि ज्यांना धड दोन ओळी येत नव्हत्या त्या सवाष्णी चाचपडत गायला लागल्या. तू मागे बसून ओठ हलवायचीस. मी पाहिलंय ते, आणि पाहून जेवायला गेलोय.

निवृत्तीला वसाहतीतलं घर सोडताना मी कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये घेतल्या. टेपरेकॉर्डरला एक वायर, तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरला, आणि गाणं वाजेल तेवढा वेळ नुसतं बसून राहायचं. दोन रविवार गेले. काम झालं आणि टेपरेकॉर्डर, कॅसेटी, जुने पंखे असं सगळं मी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

बोईसरच्या नव्या फ्लॅटवर आलीस तेव्हा तू पहिलं तेच विचारलंस. “आईच्या कॅसेटी कुठं हायत?”

“कॉम्प्युटरमध्ये.”

“त्या नाय. हातात धरायच्या.”

“त्यांची आता गरज नाही, हिरू.”

“जुनी होडी सोडतात ती नवी पान्यात उतरल्यावर,” तू म्हणालीस. मी हसलो होतो.

मग ती सकाळ. सुजाताच्या, तुझ्या लेकीच्या, हळदीला आठ दिवस राहिले होते. आजी गाणार, आजी गाणार, असं सुजाता सगळ्या गावाला सांगत सुटली होती, आणि सांगायला लावणारा मी. बाजारातली मासळीची विक्री आटपून तू वर आलीस. रिकामी पाटी दाराबाहेर ठेवलीस, पाय धुतलेस, खुर्ची दिली तरी फरशीवरच बसलीस. मी नवा प्लेअर तुझ्या हातावर ठेवला. अंगठ्याएवढा, तीन बटणं आणि नखाएवढा पडदा. ताजा आहे की शिळा हे बघावं तसा तू तो उलटसुलट करून बघितलास.

“एवढ्याशात आई मावंल?”

“आई काय, अख्खं नवापूर मावेल.”

मी वायर जोडली आणि अकराही गाण्यांना एकदम धरलं. तिथे दोन वाटा असतात. एकीत गाणं इथे राहतं आणि तिथेही जातं. दुसरीत ते इथून उचललं जातं आणि तिथे ठेवलं जातं. मी दुसरी घेतली. कॉम्प्युटर जुना होता, जागा कमी होती, आणि एका वस्तूची एकच जागा ही प्लांटमधली सवय. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली.

“ही काय चाललीय?” तू विचारलंस.

“गाणी जातायत.”

“भरती येतेय म्हन की.”

पट्टी टोकाला लागली आणि मी वायर उपटली. “झालं! दोन मिनिटांचं काम.”

“पानी थिरावू तरी द्यायचं,” तू म्हणालीस.

पट्टी भरली तरी आतलं लिहिणं चालूच असतं. म्हणून कॉम्प्युटरला आधी विचारायचं असतं, तो हो म्हणाला की मग वायर काढायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. प्लांटमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच शिकवायचो, की दिवा विझला म्हणजे यंत्र थांबलं असं समजू नका, खात्री करा. बत्तीस वर्षांत मी एक वायर अवेळी ओढली नाही. ओढली ती तुझ्यासमोर ऐट मारताना.

चार गाणी वाजली. पाचवं, नावं घेण्याचं, लागेना. पडद्यावर ‘आई ०५’ असं नाव दिसायचं, खाली शून्य मिनिटं शून्य सेकंद, आणि लगेच ‘आई ०६’. तिथेही शून्य. अकरापर्यंत शून्य. कॉम्प्युटरमध्ये बघितलं तर तिथली जागा साफ. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेलं. त्याने तासभर खटपट केली आणि म्हणाला, “अंकल, नाम तो सब हैं. अंदर गाना नहीं है.”

मी घरी येऊन तुला ते सांगितलं तेव्हा तू रडशील असं मला वाटलं होतं, निदान कॅसेटींवरून बोलशील असं तरी. तू नुसती विचारात पडलीस. मी म्हणालो, “लोकांना काय सांगू?” आज हे लिहिताना लाज वाटते. आईचा आवाज गेला होता आणि मला लोकांचं पडलं होतं.

“कोनाला काय सांगू नको,” तू म्हणालीस. “मी गाते.”

“तू गायलीस तर...”

“मांडवात नाय. मला माहीत हाय, मांडवात गाऊ देनार नायत. हितं गाते. तू भर.”

“आवाज ओळखतील.”

तू उठलीस, स्वयंपाकघरात गेलीस आणि तुझ्या वहिनीकडून सुपारीचं खांड घेऊन आलीस. आई कायम डाव्या गालात तंबाखू धरून गायची, त्यामुळे तिचा शब्द किंचित जड यायचा. तू सुपारी डाव्या गालात सारलीस आणि एक ओळ गायलीस. स्वयंपाकघरातून तुझी वहिनी धावत बाहेर आली. “अगंबाई, सासूबाई!”

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, वहिनीला कुकर लावू दिला नाही. मी मायक्रोफोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. तू भिंतीकडे तोंड करून बसलीस, माझं तोंड दिसलं की हसू येतं म्हणून. सहावं गाणं अर्ध्यावर आलं आणि खालून आरोळी आली, “भंगाऽऽर!” तू गाणं थांबवलंस आणि वळून म्हणालीस, “बघ रं, आईला परत द्यायला आला.” त्यावर आपण तिघं इतके हसलो की घोटभर पाणी पिऊन ते गाणं पहिल्यापासून घ्यावं लागलं.

पण पाचव्याच्या आधी तू मला एक विचारलं होतंस. “नावांत आईचं नाव घेऊ?”

मी म्हणालो, “कसं घेशील? आईच गातेय ना. आई स्वतःला कशी बोलवेल?”

“मंग आई बाहेर ऱ्हाईल.”

“एका लग्नापुरतं,” मी म्हणालो.

तू गायलीस. मी पडद्यावर उड्या मारणाऱ्या रेघा बघत होतो, आवाज नीट येतोय ना, कुठे फाटत नाही ना. आजोबांचं नाव झालं, आजीचं झालं, बाबांचं झालं. मग तू किंचित थांबलीस. रेघ सपाट झाली. मला वाटलं श्वास घेतलास. मग पुन्हा रेघा हलल्या, आणि मी त्या नीट हलताहेत एवढंच पाहिलं.

हळदीच्या दिवशी तू तीच गोष्ट केलीस जी पुढे पंधरा-सोळा वर्षं करत आलीस. लाऊडस्पीकरच्या पेटीशेजारी, मागच्या कोपऱ्यात, जिथे गावातल्या विधवा बसतात तिथे, प्लेअर मांडीवर घेऊन बसलीस. पाचवं गाणं लागलं. नावं सुरू झाली आणि बायका एकदम गप्प झाल्या. बायजामावशीने, ती तुझ्याच शेजारी बसली होती, पदर तोंडाला लावला. मी पुढे पाहुण्यांत उभा होतो. शेजारच्याला म्हणालो, “आमची आई. असा आवाज पुन्हा होणे नाही.” केवढा ताठ उभा होतो मी!

त्यानंतर ते मशीन गावाचं झालं. कुणाकडे हळद असली की तुला बोलावणं यायचं, गायला नव्हे, बटण दाबायला. दुसऱ्याच्या घरी तू पाचव्या गाण्यात नावांच्या आधी बटण दाबून थांबायचीस. त्या घरच्या सवाष्णी आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायच्या. त्या थांबल्या की तू सहावं लावायचीस आणि मग हळदीला हात लागायचा. नवापूरच्या, तारापूरच्या, माहीमपर्यंतच्या किती पोरापोरींना तुझ्या गाण्यावर हळद लागली हे मी मोजलेलं नाही. तू कोपऱ्यात बसून सगळा मांडव चालवत होतीस, आणि वाहवा आईची व्हायची, त्यातली निम्मी माझी.

एरवी प्लेअर तुझ्या गळ्यात असायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. बोंबील वाळत घालताना, मांदेली निवडताना. नितीनने, तुझ्या मुलाने, तुला मोठा मोबाईल आणून दिला तर तू तो आठवड्यात परत केलास. “बोट ओलं असलं की हा वळखच देत नाय. माझं बोट कधी सुकं असतं?” खाऱ्या हवेने दोन प्लेअर खाल्ले, हा तिसरा. दरवेळी तू भरायला माझ्याकडे यायचीस. फरशीवर बसायचीस, आणि पट्टी टोकाला गेली की माझ्या मनगटावर हात ठेवायचीस. “थांब. पानी थिरावू दे.” त्या हाताला मासळीचा वास असायचा. माझ्या मनगटाला तो संध्याकाळपर्यंत राहायचा आणि मी तो धुवायचो. आता वाटतं, एखाद्या दिवशी नसता धुतला तर काय बिघडलं असतं?

सत्काराच्या दिवशी तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. मी वीस मिनिटं बोललो. आईचा आवाज, काळाचा घाला, तंत्रज्ञानाची साथ. मध्येच तुझ्याकडे नजर गेली आणि वाटलं, आत्ता सांगावं. एक वाक्य तर होतं. मी पाणी प्यायलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. खाली आल्यावर तू शालीवरून हात फिरवलास. “भाषन बरं झालं,” म्हणालीस. “मी मी जरा जास्त झालं.”

एवढंच बोललीस. नंतर वर्षानुवर्षं एका शब्दाने नाही. मी मनाशी हिशेब मांडला होता, की तू माझ्या अब्रूसाठी गप्प आहेस. शिवाय दुसरी भीती होतीच. खरं कळलं तर कुणी म्हणेल, विधवेच्या गळ्यातून आमच्या पोरीची हळद लागली. म्हणजे मी गप्प बसतो ते तुझ्यासाठीच, असंही मी स्वतःला सांगून ठेवलं होतं. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

दोन महिन्यांपूर्वी शेवटची आलीस. प्लेअर भरून झाला, तरी उठली नाहीस.

“दादा, पाचवं पुन्हा गाते. माझा गळा हाय तवर. आईचं नाव घालून.”

“आता? इतक्या वर्षांनी? लोक विचारतील ना.”

“विचारू दे. खरं सांग.”

“मला हसतील, हिरू.”

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. बाजारात कुणी चांगली मासळी नाक मुरडून खाली ठेवली की तू बघायचीस तशी. “तुला हसतील म्हनून आई दाराबाहेर? किती वर्सं उभी करशील तिला?”

मी म्हणालो, दिवाळीनंतर बघू. तू प्लेअर गळ्यात घातलास, पाटी उचललीस. जिन्यात तुझ्या पायांचा आवाज खालपर्यंत ऐकला मी. हाक मारायला तीन मजल्यांचा वेळ होता.

मग तुझा ताप, मग दवाखाना, मग नितीनचा फोन. त्याविषयी मला लिहिता येत नाही.

तुझ्या बाराव्याला अंगणात सगळे जमले होते. जेवणं झाली होती. कुणीतरी म्हणालं, हिरूच्या गळ्यातलं मशीन लावा, मथुराबाईंचा आवाज ऐकू, तेवढंच बरं वाटेल. नितीनने प्लेअर माझ्या हातात दिला. मी तो धरून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कॅसेटी, भंगारवाला, वायर, सुपारी, शाल. म्हणालो, यातली पहिली चार आईची. पुढची सात हिरूची. तुम्ही इतकी वर्षं जिचं कौतुक केलंत ती कोपऱ्यात बसून बटण दाबत होती. मी चोर आहे.

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मग भिंतीला टेकून बसलेल्या बायजामावशीने पाय लांब केले. पंचाऐंशीच्या पुढची असेल ती आता.

“झालं सांगून?” तिने विचारलं.

“झालं.”

“आमाला सुजाताच्या लगनातच कळलं व्हतं.”

मला वाटलं, म्हातारी काहीतरी भलतंच बोलतेय. “काय कळलं होतं?”

“अरे, पाचव्या गान्यात काशिनाथाचं नाव हाय. मथुरा मेली तवा काशिनाथानं तिला खांदा दिलेला. जिला त्यानं पोचवली, ती त्याला मेल्या मान्सांत बोलवंल? सांग की, शिकलास ना तू?”

मागून कुणीतरी बाई हसली. मग दुसरी. सुजाता रडत होती आणि हसतही होती. “मामा, मला पण तेव्हाच कळलं. बाबांचं नाव ऐकलं आणि कळलं, आई गातेय.”

“मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?” मी विचारलं.

“काय बोलायचं?” बायजामावशी म्हणाली. “हिरू गात व्हती. गाऊ द्यायचं का थांबवायचं? रांडमुंड बाईनं गायचं नाय ही रीत हाय. मशीनला कुठं कुंकू लागतं? मशीननं गायलं तर कोन अडवनार? म्हनून आमी मशीन बोलवायचो.” मग जरा दम घेऊन म्हणाली, “तुज्या इज्जतीसाठी गप बसलो असं वाटलं व्हय तुला? बाप्ये नावं आयकत नाय रे बाबा. बाप्ये जेवनाची वाट बघत असतात.”

हिरू, त्या अंगणात मी इतका लहान कधी झालो नव्हतो, आणि खरं सांगतो, इतका आनंदही मला कधी झाला नव्हता. सोळा वर्षं मी समजत होतो, की माझ्या लबाडीमुळे तुझा आवाज झाकला गेला. गावातली प्रत्येक बाई तो तुझा म्हणूनच ऐकत होती. तुला पुढे बसवता येत नव्हतं म्हणून त्या तुला गळ्यात बांधलेल्या पिशवीतून पुढे बसवत होत्या. आणि तू? तुला ठाऊक होतं त्यांना कळलंय ते. म्हणूनच तू पुन्हा पुन्हा जात होतीस ना? माझी चूक तू माझ्यासाठी लपवली नाहीस. ती उचललीस आणि तिचं काहीतरी केलंस.

घरी येऊन मी कानात लावून पाचवं ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेघा न बघता ऐकलं. बाबांचं नाव येतं, मग तू थांबतेस. तो श्वास नव्हता. तिथे आईची जागा आहे. ती तू रिकामी सोडलीस, गायली नाहीस आणि भरलीही नाहीस. आणि मग सुपारीतून, जड शब्दांनी, हळूच, काशिनाथ. लेकीच्या हळदीला बापाला बोलवायचं राहू नये म्हणून. मी आईला बाहेर ठेवायला सांगितलं, ते तू ऐकलंस. काशिनाथबद्दल मला विचारलंच नाहीस. बरं केलंस. मी तेही नको म्हणालो असतो.

म्हणून परवा बसलो. कॉम्प्युटरमधल्या सात गाण्यांची नावं बदलली. पहिली चार ‘आई’ म्हणूनच ठेवली. पाचव्यापासून पुढे ‘हिरू ०५’, ‘हिरू ०६’, अशी अकरापर्यंत. मग एकेक गाणं प्लेअरमध्ये घातलं, इथलं इथेही ठेवून. त्याच गाण्यांची एक प्रत सुजाताला दिली, एक नितीनला, एक मंडळाला. पट्टी टोकाला गेली की सवयीने मनगट पुढे करत होतो.

काल बायजामावशीच्या नातवाची हळद होती. तिचा निरोप होता, “मशीन घेऊन ये, आनि मागं येऊन बस.” मी तुझ्या जागेवर बसलो, पेटीशेजारी, बायकांत एकटा पुरुष. कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं. पहिली चार आई गायली. मग नखाएवढ्या पडद्यावर ‘हिरू ०५’ आलं आणि तुझा आवाज मांडवभर झाला. आधी देव, मग दर्या. नावांच्या आधी मी बटण दाबलं, तू दाबायचीस तसं. त्या घरच्या सवाष्णींनी आपली माणसं बोलावली. सासरे, चुलत सासरे, वादळात गेलेला दीर. नावं संपली. पुढच्या गाण्यासाठी मी अंगठा बटणावर ठेवला, आणि माझ्या मनगटावर हात आला. बायजामावशीचा. त्याला तसाच वास होता.

“थांब,” ती म्हणाली.

मग तिने मागच्या कोपऱ्यातून, बसल्या जागेवरून, त्या तसल्या फाटक्या आवाजात दोन नावं घेतली. तिच्या घरची नसलेली. सगळा मांडव वळून बघत होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

“मथुरे, ये गो, लई उभी ऱ्हायलीस. हिरू, तू बी ये. मागं बसू नको आता. फुडं ये.”

पुढे बसलेल्या बायका सरकल्या. खरंच सरकल्या, हिरू, दोघींपुरती जागा झाली.

तिने माझं मनगट सोडलं. मी बटण दाबलं, आणि तू गायला लागलीस.